काळीवरचा वाडा आणि भरणीवरची चाळ

मनुष्य घर बांधतो तेव्हा भिंतींचा, छपराचा आणि दरवाजाच्या चौकटीवरील नक्षीचा जितका विचार करतो, तितका त्या घराखाली निमूट पडून असलेल्या जमिनीचा करीत नाही. जमीन ही त्याच्या हिशेबी नझुलाच्या नकाशावरची एक अचल वस्तू असते, आणि ती फुगू शकते, आकसू शकते, किंवा वर्षाकाठी सुताभराने खाली जाऊ शकते, ही गोष्ट त्याच्या ध्यानी येते तोवर दिवाणखान्याच्या कोपऱ्यातून निघालेला तडा छताच्या तुळईपाशी पोचलेला असतो. मग गवंडी येतो, नातेवाईक येतात, पुण्याहून मुलाचा दूरध्वनी येतो, आणि ज्या विषयावर घरात तीन पिढ्या कोणी चकार शब्द काढला नव्हता, त्या विषयावर प्रत्येकाला मत असल्याचे उघड होते.

अशाच एका तड्यावरून गेल्या वैशाखात आमच्या शेजारच्या वाड्यात दोन व्याह्यांमध्ये जो वाद रंगला, त्याला मी साक्षी होतो. घरधनी वर्ध्याचेच, त्यांच्या आजोबांनी कापसाच्या व्यापारात मिळवलेल्या पैशातून हा दुमजली वाडा उभारला, आणि त्याच्या दगडी जोत्यावर बसून वर्तमानपत्र वाचण्याचा परिपाठ नातवाने निवृत्तीनंतर अखंड चालवला आहे. त्यांचे व्याही गिरगावात जन्मलेले, व्यवसायाने स्थापत्य अभियंते, आणि आयुष्याचा उत्तम भाग मुंबईच्या जुन्या इमारतींना टेकू देण्यात खर्ची घातलेले. ‘बाबा ऐकत नाहीत, तुम्ही एकदा पाहून सांगा, पाडून नवे बांधणेच इष्ट आहे,’ अशी जावयाने गळ घातल्यामुळे ते मुंबईचा दमट उन्हाळा सोडून वर्ध्याच्या कोरड्या भट्टीत उतरले होते. मुलीकडचा मनुष्य असल्याने मतभेद कोठवर ताणावा याचे त्यांना पुरेपूर भान होते. परंतु व्याह्याचा संकोच आणि अभियंत्याचा आग्रह यांची गाठ पडली की संकोचाला माघार घ्यावी लागते, हे मला पहिल्या अर्ध्या तासातच दिसून आले.

ओळंबा लावून, भिंतीवर टिचक्या मारून आणि माडीवरच्या फरशीवर गोटी सोडून तपासणी झाल्यावर ते ओसरीतल्या बंगईवर येऊन बसले.

“व्याहीबुवा, आपला ईशान्येचा कोपरा बसला आहे,” ते म्हणाले. “तडा खाली केसाएवढा, वर करंगळी शिरेल एवढा, आणि खिडकीच्या कोनातून तिरका चढत गेलेला. याचा अर्थ, भिंतीचा मधला भाग जागेवर आहे आणि टोक खाली ओढले गेले आहे. अशी लक्षणे मी मुंबईत अगणित घरांत पाहिली. कोपरा एकदा बसू लागला की बसतच जातो, आणि आपण मात्र दर दिवाळीला त्यावरून चुन्याचा हात फिरवून त्याची लाज झाकतो.”

“बसला म्हणता ते खरे,” वर्धेकर म्हणाले, “पण तो उठतोही. आपण वैशाखात आलात म्हणून करंगळी शिरली. भाद्रपदात आला असता तर याच तड्यात पोस्टकार्डाची कड घालणे जड गेले असते. माझ्या वडिलांच्या हयातीत हा तडा होता. त्याची त्यांनी कधी तक्रार केल्याचे मला आठवत नाही. उठणाऱ्या कोपऱ्याला तुमच्या शास्त्रात काय म्हणतात?”

“आमच्या शास्त्रात त्याला काळी माती म्हणतात,” मुंबईकर हसून उत्तरले, आणि मग, एखादा आवडता विषय अनायासे समोर आल्यावर विद्वानाची वाणी जशी मोकळी होते तशी त्यांची झाली. दख्खनच्या काळ्या पाषाणाची युगानुयुगे झीज होऊन जी माती बनली, तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचे एक खनिज विपुल असते. त्याच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की पापुद्रे परस्परांपासून दूर सरतात आणि माती फुगते, पाणी उडून गेले की ते जवळ येतात आणि माती आकसते. उन्हाळ्यात शेतात हातभर खोल भेगा पडतात त्या याच कारणाने. ही माती ओल धरून ठेवते म्हणून कापूस तिच्यावर प्रसन्न असतो, आणि नेमक्या त्याच गुणापायी घर तिच्यावर अस्वस्थ असते. घराच्या पोटाखालच्या मातीला ऊन लागत नाही, म्हणून ती बारमाही ओलसर राहते. भोवतालची माती उघडी असते, म्हणून वैशाखात कोरडी होऊन आकसते. आणि कोपऱ्याला दोन बाजूंनी ऊन झोंबत असल्यामुळे सर्वांआधी तोच खाली जातो. हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडणाऱ्या आणि पंचेचाळीस अंशांपर्यंत तापणाऱ्या वर्ध्यासारख्या मुलखात ही चढउतार थोडीथोडकी नसते.

“तर मग इलाज?” वर्धेकरांनी विचारले.

“इलाज आहेत, आणि चांगले आहेत. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठीच अंडररीम्ड पाइलची पद्धत सिद्ध केली. जमिनीत साडेतीन मीटर किंवा त्याहून खोल छिद्र घ्यायचे, तळाशी ते रुंद करायचे आणि त्यात काँक्रीट भरायचे. ऋतुमानाने ओल कमीजास्त होते ती वरच्या थरात. खालच्या स्थिर थरात रुतलेला तो फुगवटा घराला उचलूही देत नाही आणि बसूही देत नाही. मुंबईच्या आय. आय. टी.तले प्राध्यापक कट्टी यांनी दुसरा मार्ग दाखवला. काळ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मुरमाचा मीटरभर जाड थर दाबून बसवला की खालच्या मातीची फुगण्याची खोड दबते. कालव्यांच्या कामात त्याचा उपयोग झाला आहे. पण व्याहीबुवा, हे नव्या बांधकामाचे उपाय. उभ्या वाड्याच्या पोटाखाली शिरून हे करायचे म्हणजे खर्च अफाट आणि जोखीम त्याहून मोठी. जावईबापूंचे म्हणणे मला म्हणूनच सर्वस्वी चुकीचे वाटत नाही.”

येथवर आल्यावर घरधनी सरसावून बसले. त्यांनी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला आहे, आणि इतिहासाच्या शिक्षकाला वर्तमानातल्या आपत्तीवर भूतकाळातला उतारा सापडला नाही असे सहसा घडत नाही.

“आपल्या पूर्वजांनी पाइल घातले नाहीत,” ते म्हणाले, “त्यांनी जागा पाहिली. गावाची जमीन ते दोनच भागांत मांडत. काळी पेरायची आणि पांढरी राहायची. शतकानुशतकांच्या वस्तीने, चुलींच्या राखेने, चुनखडीने आणि कोसळलेल्या भिंतींच्या मातीने जी पांढरी बनली ती काळीसारखी भेगाळत नाही. म्हणून घर पडले तरी नवे घर त्याच जागी उठायचे, आणि भिंतीही त्याच मातीच्या व्हायच्या. मालगुजारांच्या गढ्या पाहा. आज लोक त्यांची माती टोपल्यांनी खणून नेतात म्हणून त्या ढासळताहेत. आणि पवनार तर इथून हाकेच्या अंतरावर आहे. १९६७ साली नागपूर विद्यापीठाच्या देव आणि ढवळीकर यांनी तिथे उत्खनन केले तेव्हा वस्तीखाली वस्ती निघत गेली. महामहोपाध्याय मिराशींनी वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे प्रतिपादन केले. धाम नदीच्या काठी इतकी शतके माणसे राहिली ती काही रुरकीला पत्र लिहून नव्हे.”

“मान्य,” मुंबईकर म्हणाले, “पवनारच्या बाबतीत सर्वस्वी मान्य. पण हा वाडा पांढरीवर आहे काय? तुमचे वर्धा शहर म्हणजे कचेरीच्या हुकमाने जन्मलेले शहर. १८६२ साली नागपूर जिल्हा तोडून वर्धा जिल्हा झाला, त्याची कचेरी आधी पुलगावजवळ कवठ्याला बसली, आणि १८६६ साली ती पालकवाडी नावाच्या लहानशा गावी हलवून तिथे शहर आखले गेले. पुढल्याच वर्षी रेल्वे नागपुरास पोचली, कापसाला मुंबईची वाट मोकळी झाली, आणि शहर बघता बघता शेतांत पसरले. पांढरी तयार व्हायला दहावीस पिढ्या लागतात. तुमच्या आजोबांना कापसाच्या भावाने तेवढी सवड दिली नाही. त्यांनी काळीतच घर बांधले.”

हा वार अचूक होता. वर्धेकर क्षणभर काही बोलले नाहीत. आतून आलेल्या पन्ह्याचे पेले त्या शांततेत रिते झाले. माझ्या मते या विषयातली अर्धी गोष्ट येथेच सांगून झाली होती. परंपरेने घराची जागा निवडण्याचे शहाणपण जपले, आणि एकोणिसाव्या शतकातल्या व्यापाराने व प्रशासनाने, आपल्या सोयीची जागा हीच योग्य जागा असे गृहीत धरून, त्या शहाणपणाला रजा दिली. वर्ध्यात ती रजा शेतावर दिली गेली, मुंबईत समुद्रावर.

मुंबईची गोष्ट अर्थातच त्यानंतर निघाली, आणि घरधन्यांनीच ती काढली. “आमची काळी निदान जमीन तरी आहे. तुमचे काय? सात बेटांच्या मधली खाडी बुजवून तुम्ही शहर केलेत.”

“केले,” मुंबईकर म्हणाले, आणि त्यांच्या स्वरात आपल्या गावच्या दोषांविषयीही एक प्रकारचा अभिमान होता. “गव्हर्नर हॉर्नबीने वरळीपाशी बांध घालून भरतीचे पाणी अडवले ते १७८४ च्या सुमारास. त्यानंतर दीडशे-दोनशे वर्षे टेकड्या फोडून, माती-दगड-राडारोडा ओतून आम्ही समुद्र मागे रेटीत राहिलो. आता या भरणीखाली काय आहे? पुष्कळ ठिकाणी सागरी गाळाची मऊ, करडी चिखलमाती, आणि तिच्याही खाली तुमच्याकडे आहे तोच काळा पाषाण. त्या चिखलाचा स्वभाव तुमच्या काळीहून निराळा. दह्याचे फडके टांगण्याऐवजी त्यावर वजन ठेवले तर जसे पाणी थेंबाथेंबाने निघून जाते आणि चक्का खाली खाली बसत जातो, तसे तिचे आहे. वर भरणी आणि भरणीवर चार मजले आले की चिखलातले पाणी वर्षानुवर्षे सावकाश पिळून निघते आणि जमीन खाली जाते. ही जमीन भाद्रपदात वर येत नाही. गेली ती गेली. आणि ती सर्वत्र सारखी जात असती तरीही चालले असते. पण एका कोपऱ्याखाली खडक दहा फुटांवर, दुसऱ्याखाली तीस फुटांवर, म्हणजे एक कोपरा स्थिर आणि दुसरा प्रवासाला निघालेला. भिंत फुटते ती खचण्याने नव्हे, असमान खचण्याने.”

“म्हणजे चाळी पडतात त्या यामुळे?”

येथे मुंबईकर थबकले, आणि त्यांच्याविषयीचा माझा आदर या थबकण्यामुळे वाढला. कारण आपल्या बाजूचे सोयीचे कारण हाताशी असताना ते नाकारणे हे अनुभवी मनुष्यालाच साधते.

“खरे सांगायचे तर बहुधा नाही. जमीन खचली हे कारण कागदावर लिहायला सोपे, कारण जमिनीवर दावा लावता येत नाही. २०१७ च्या ३१ ऑगस्टला भेंडी बाजारातली हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ माणसे गेली. दोनच दिवस आधी मुंबई जलमय झाली होती. अशा शंभरी ओलांडलेल्या इमारतींत मी पुष्कळ काम केले आहे. आत सागवानी खांब आणि तुळया असतात, त्यांची टोके भिंतीत गाडलेली असतात. संडासाचे आणि न्हाणीचे पाणी वर्षानुवर्षे मुरून ती टोके कुजतात. कोणी मधला खांब अडचणीचा म्हणून छिलतो, कोणी पोटमाळ्यावर टाकी बसवतो, कोणी तळमजल्यावर दुकानासाठी भिंत काढतो. जमिनीने अर्धा इंच हालचाल केली तर धडधाकट इमारत ती सोसते. कुजलेली इमारत तेच निमित्त करून प्राण सोडते.”

“दुरुस्ती मग कोणी का केली नाही?”

“कोणाची इमारत, व्याहीबुवा? मुंबईत १९४७ च्या कायद्याने भाडी गोठली ती १९४० सालच्या पातळीवर. खोलीचे भाडे चहाच्या किमतीइतके राहिले. मालक म्हणे, या उत्पन्नात मी कौलही बदलू शकत नाही, आणि ते खोटे नव्हते. भाडेकरू म्हणे, इमारत माझी नाही, मी तिच्यावर का खर्च करू, आणि तेही खोटे नव्हते. शेवटी १९६९ सालच्या कायद्याने सरकारने दुरुस्ती मंडळ स्थापन केले आणि जुन्या इमारतींवर उपकर बसवला. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती ‘अ’ वर्गात पडल्या. आम्ही टेकू लावीत गेलो. काही टेकू तर तिथे इतकी वर्षे राहिले की लोक त्यांवर कपडे वाळत घालू लागले, आणि टेकू काढायला गेलो तर तक्रारअर्ज आला.”

मध्यप्रांत-वऱ्हाडातही १९४९ च्या भाडेनियंत्रण आदेशाने अशीच गाठ बसली होती, आणि वर्ध्या-नागपुराच्या बाजारपेठांतली कित्येक जुनी दुकाने तिच्यापायी आज ना मालकाची ना भाडेकरूची अशा अवस्थेत उभी आहेत, असे मी मध्येच म्हणालो; पण दोघेही व्याही आपापल्या शहराच्या बाजूने इतके रंगले होते की माझ्या या भरीकडे कोणी विशेष लक्ष दिले नाही.

घरधन्यांचा रोख आता जगाकडे वळला. हा विषय वर्तमानपत्रांतून त्यांच्या वाचनात होता. किनाऱ्यावरच्या ९९ शहरांच्या उपग्रही मापनांचा एक अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या बहुतेक शहरांचा कोणता ना कोणता भाग, समुद्र ज्या वेगाने चढतो त्याहून अधिक वेगाने खाली चालला आहे, आणि मुंबईची गणना त्यांत आहे, हे त्यांनी साभिप्राय सांगितले. जाकार्ता तर इतके खचले की इंडोनेशियाने राजधानीच बोर्निओत हलवण्याचा निर्णय २०१९ साली जाहीर केला. “आणि कारण काय? जमिनीखालचे पाणी उपसणे. टोकियोचा कोतो भाग चार मीटरांहून अधिक खाली गेला. १९५६ आणि १९६२ साली कायदे करून त्यांनी उपसा आवरला तेव्हा तो थांबला. व्हेनिसची तीच कथा. कारखान्यांसाठी विहिरी उपसल्या तेव्हा शहर झपाट्याने बसू लागले, विहिरी बंद केल्या तेव्हा थांबले. जमीन खचली असे आपण म्हणतो, पण तिला खचवतो कोण? आमच्या गल्लीत गेल्या काही वर्षांत किती बोअर झाल्या ते तुम्हीच मोजा.”

“ते उदाहरण इथे लागू नाही,” मुंबईकरांनी तत्काळ अडवले. “जाकार्ता, टोकियो, व्हेनिस ही गाळावर वसलेली शहरे. गाळातले पाणी काढले की गाळ दबतो. तुमच्या बोअरचे पाणी येते ते पाषाणाच्या भेगांतून. भेगेतले पाणी गेले तरी पाषाण दबत नाही. विहिरी आटल्याचे दुःख तुम्ही जरूर करा, पण या कोपऱ्याचा गुन्हा बोअरच्या माथी मारू नका. आणि व्हेनिसचे नाव काढलेत म्हणून सांगतो. सेंट मार्क चौकातला तिथला प्राचीन घंटामनोरा १९०२ च्या १४ जुलैला सकाळी उभाच्या उभा कोसळला. तोही जमिनीमुळे नव्हे, आतली वीटकामाची रग गेली म्हणून. दहा वर्षांत त्यांनी तो पुन्हा उभारला, होता तिथेच आणि होता तसाच. पाया मात्र रुंद केला. जुने पडले म्हणून नवे बांधणे म्हणजे जुन्याचा द्रोह, असे तिथे कोणाला वाटले नाही.”

“तसाच उभारला ना?” वर्धेकर म्हणाले. “आमचे चिरंजीव तसाच उभारणार असतील तर मी उद्या पहार हाती घेतो. त्यांच्या नकाशात खाली वाहनतळ आणि वर आठ सदनिका आहेत.”

यावर मुंबईकरांना उत्तर नव्हते, किंवा असलेच तर ते व्याह्याच्या भूमिकेतून देण्याजोगे नव्हते.

मग सेवाग्राम निघाले. वर्ध्यात घरांविषयीची कोणतीही चर्चा सेवाग्रामास गेल्याशिवाय पुरी होत नाही. १९३६ च्या ३० एप्रिलला गांधीजी त्या वेळच्या सेगावात राहावयास गेले. तिथल्या कुट्या आसपासच्या सामग्रीतून, गावच्याच कारागिरांच्या हातून, माती, बांबू आणि कवेलू यांच्या उभ्या राहिल्या. बापू कुटीच्या भिंतीवर मीराबेननी मातीतच काढलेली ताडाची झाडे अजून दिसतात. “नव्वद वर्षे होत आली,” घरधनी म्हणाले. “पाइल नाही, पोलाद नाही. माती हलली तर भिंतही थोडी हलते, भेग पडली तर शेणमातीचा हात फिरतो. कवेलू फेरायचे, जोत्याभोवतीचे पाणी काढून द्यायचे, की झाले. इमारतीचे आयुष्य तिच्या बळकटपणावर नाही, तिच्याकडे कोणी दर वर्षी पाहते की नाही यावर आहे.”

“एकमजली कुटी ठीक आहे,” मुंबईकर म्हणाले. “तिचे ओझेच काय? आणि तिच्याकडे पाहायला आश्रम आहे, यात्रेकरू आहेत, साऱ्या राष्ट्राची आस्था आहे. माझ्या चाळीत एका मजल्यावर बारा बिऱ्हाडे. तिथे चौथ्या मजल्यावर कोण शेणमातीचा हात फिरवणार? भूमिगत मेट्रोचे खोदकाम गिरगाव-काळबादेवीच्या पोटातून गेले तेव्हा काही इमारती उतरवाव्याच लागल्या, आणि मला त्याचे दुःख झाले तरी विरोध करवला नाही. आस्था हा भार वाहणारा घटक नाही, व्याहीबुवा. तिचे गणित मांडता येत नाही.”

मला या ठिकाणी मुंबईकरांचे म्हणणे खरे आणि अपुरे वाटले. खरे अशासाठी की आस्थेच्या भरवशावर दुसऱ्याच्या मुलाबाळांना धोक्याच्या छताखाली निजवण्याचा अधिकार कोणत्याही वारसाप्रेमी गृहस्थाला नाही. आणि अपुरे अशासाठी की त्यांनी स्वतःच मघाशी जे निदान केले होते, मुरलेले पाणी, छिललेला खांब, आणि जिच्या दुरुस्तीची जबाबदारी कोणाचीच नाही अशी इमारत, ते सारे निदान मुळात आस्थेच्या अभावाचेच होते, फक्त त्यांनी ते अभियंत्याच्या भाषेत सांगितले होते. ही शंका मी बोलून दाखवणार तोच ते बंगईवरून उठले, तड्यापाशी गेले, आणि खिशातल्या किल्लीने त्याच्या मधल्या भागात उकरू लागले.

“हे काय भरले आहे?”

“सिमेंट,” घरधनी म्हणाले. “दोन उन्हाळ्यांपूर्वी गवंड्याने भरले. चांगले घट्ट भरले होते.”

“कोणत्या महिन्यात?”

“वैशाखातच. पावसाळ्याआधी करून घ्यावे म्हणून.”

मुंबईकर कपाळावर हात मारून घेण्याच्या बेतात होते. व्याहीपणाने तो हात चष्म्याकडे वळवला. “म्हणजे तडा पूर्ण उघडा असताना. मग पावसाळ्यात माती फुगून कोपरा वर आला, भिंत मिटू पाहू लागली, आणि मध्ये हे सिमेंट पाचरीप्रमाणे आडवे आले. भिंतीला मिटता येईना, म्हणून ती बाहेर ढकलली गेली. पुढल्या उन्हाळ्यात शेजारी नवा तडा उघडला असेल.”

“उघडला आहे. कपाटामागे.”

“तोही भरला?”

“भरला.”

“तर दर वर्षी एक पाचर, आणि दर वर्षी भिंत थोडी बाहेर. तुमच्या आजोबांच्या चुन्याने हे केले नसते. चुना मऊ, तो थोडा चुरतो, थोडा पुन्हा जुळतो, भिंतीच्या हालचालीला जागा देतो. व्याहीबुवा, ऐंशी-नव्वद वर्षे जो कोपरा जाऊन येत होता तो आता परत का येत नाही, याचे कारण काळी माती नाही. माती आहे तशीच आहे.”

घरधन्यांच्या चेहऱ्यावर जो भाव उमटला तो विजयाचाही नव्हता आणि पराभवाचाही नव्हता. कारण त्यांचा सिद्धांत खरा ठरला होता आणि गुन्हेगारही तेच ठरले होते. त्यानंतर दोघांनी मिळून वाड्याला उन्हातान्हात एक प्रदक्षिणा घातली, आणि मघाशी ज्या गोष्टी वादात दोघांच्याही बाजूने निसटल्या होत्या त्या एकेक सापडत गेल्या. ईशान्येच्या कोपऱ्यापासून सात-आठ हातांवर वाढलेला कडुनिंब उन्हाळ्यात त्याच मातीतली ओल शोषून घेत होता. पश्चिमेच्या बाजूला न्हाणीची गळकी नळी एक कोपरा बारमाही भिजवीत होती, म्हणजे एक कोपरा तहानलेला आणि एक फुगलेला. आणि समोरचा रस्ता, ज्यावर दर काही वर्षांनी जुना थर न उकरता नवा थर चढत गेला होता, तो आता जोत्याच्या जवळजवळ बरोबरीला आला होता; पूर्वी ज्या जोत्यावरून पाणी रस्त्याकडे पळे, तिथे आता रस्त्यावरचे पाणी जोत्याकडे येत होते. घरधन्यांनी याबाबत नगरपालिकेत तीन अर्ज दिले होते, आणि तिन्हींच्या पोचपावत्या त्यांच्या दप्तरात शाबूत होत्या.

“कडुनिंब तोडायचा नाही,” ते आधीच सांगून मोकळे झाले.

“तोडूही नका. एकदम तोडलात तर ती माती फुगून कोपरा दुसऱ्या दिशेने त्रास देईल. मुळे आणि भिंत यांच्यामध्ये खोल चर घेऊन आडवी भिंत घालता येते. आणि भोवती चार-पाच फूट रुंद फरसबंदी, घरापासून बाहेर उतार असलेली, म्हणजे कोपऱ्याच्या मातीला उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही थोडे कमी कळतील. न्हाणीची नळी मात्र उद्याच.”

“मग पाडायचा नाही ना?”

“असे मी म्हटले नाही.” अभियंता पुन्हा सावध झाला. “दोन ठिकाणी खड्डे घेऊन पाया किती खोल आहे, मुरमाला टेकला आहे की काळीतच लोंबतो आहे, ते पाहू. एक खड्डा या कोपऱ्याशी, एक घराच्या आत.”

“आत कोठे?”

“मधल्या खोलीत.”

“तिथे देवघर आहे.”

“देवघराला लागून, दोन हात अलीकडे. आणि प्रत्येक तड्यावर काचेची पट्टी चिकटवून तिच्यावर तारीख घालू. काच तुटली की कळेल, कोणता तडा ऋतूप्रमाणे वागतो आणि कोणता एकाच दिशेने चालला आहे. मृगापासून पुढल्या वैशाखापर्यंत पूर्ण एक फेरा पाहिल्याशिवाय मी पाडा म्हणणार नाही आणि ठेवा असेही म्हणणार नाही. मधल्या काळात सिमेंटची एक पाटीही या भिंतीला लागता कामा नये.”

“एक वर्ष?” घरधनी म्हणाले. “आणि पुण्याहून त्या बांधकाम व्यावसायिकाचा करारनामा पुढल्या आठवड्यात सहीसाठी येतो आहे, त्याचे काय?”

“आपल्या चिरंजीवांना सांगा, सही करू नका म्हणून.”

“माझे ते ऐकत असते तर आपणांस एवढ्या उन्हात बोलावले असते का? जावई आपले आहेत. आपणच सांगा.”

मुंबईकरांनी घड्याळाकडे पाहिले, पुण्यात या वेळी कचेरी सुटली असेल की नसेल याचा अंदाज घेतला, आणि दूरध्वनी हाती घेण्यापूर्वी पन्ह्याचा आणखी एक पेला मागितला.